टिंडलसाहेबांचे आभार

गुरुवार, २ एप्रिल १७६७

लिहायला घेतो, घेतो म्हणत महिना घालवला. ही वही पाद्री फिंचनं दिली, माझा पाय फळ्यांत बांधला त्याच आठवड्यात. म्हणाला, "गिडियन लस्क, परमेश्वरानं आणि टिंडलसाहेबांनी तुझ्यावर केलेले उपकार रोज थोडे थोडे लिहीत जा. मन मऊ होतं." मी वही गादीच्या पेंढ्यात खुपसली. आधी शाई नव्हती. शाई आली तर पीस नव्हतं. पीस मिळालं तर ते हंसाचं की बदकाचं यावरून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी जुंपली, आणि त्या भांडणात पीस मोडलं.

आज लिहितोय कारण मेट्रनबाईंनी खिडक्यांच्या खालच्या काचांना चुना फासला. बाहेर बघितल्यानं रोग्यांचं चित्त चळतं, असा कारभारी मंडळाचा ठराव झालाय म्हणे. आता बघायला काही नाही. उरली ही वही.

तर उपकार. मार्च नुकता लागला होता. मी मार्लस्टोकच्या रस्त्यानं चाललो होतो. जायचं होतं ब्रिस्टलला, किंवा जिथं जहाज मिळेल तिथं. वर एक छोटा ससाणा हवेत टांगल्यासारखा एकाच जागी पंख मारत थांबला होता. आता पडेल, मग पडेल, म्हणून मी रस्त्याच्या मधोमध उभा. तो पडला नाही, मी पडलो. टिंडलसाहेबांच्या गाडीचं चाक माझ्या डाव्या नडगीवरून गेलं. गावातली निम्मी बिअर या साहेबांच्या भट्टीतली. त्यांनी गाडीतून डोकं बाहेर काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा कुठल्या गावचा? आपल्या गावावर भार नको." मग बरोबरच्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला, तेव्हा त्यांनी या धर्मार्थ दवाखान्याची शिफारसचिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्यांच्या मोठ्या मनाबद्दल बोलत होतं. मी कसा पडलो त्याबद्दल कुणी बोलेना.

मन मऊ झालं का? नाही.

रविवार, ५ एप्रिल

टिंडलसाहेब पाव्हण्यांना घेऊन आले. नाकाशी फुलांचा झुबका धरून सगळी खाटेभोवती उभी राहिली.

"हाच तो," साहेब म्हणाले. "रस्त्यात पडला होता. मी उचलला."

एका बाईंनी विचारलं, "कृतज्ञ आहेस ना रे?"

मी म्हटलं, "बाईसाहेब, पाय बांधलाय, नाहीतर नाचून दाखवलं असतं."

साहेब हसले. त्यांना खरंच वाटलं. शेजारचा म्हातारा तोंडावर पांघरूण ओढून खोकल्याचं सोंग करत राहिला. हा ओबेडाया क्रंप. जन्मभर खिळे घडवले, आता आतडं उतरलंय म्हणून पोटाला पट्टा बांधून पडलाय. त्याची चिठ्ठी दुसऱ्या एका साहेबाची. या दवाखान्यात देवानं पाठवलेला एकही रोगी नाही, सगळे कुणा ना कुणा साहेबाचे. प्रत्येकाच्या डोक्यावर साहेबाच्या नावाची पाटी, घोड्याच्या तबेल्यात असते तशी.

बुधवार, ८ एप्रिल

आज माझ्याकडे भेटायला माणूस आलं! माझ्याकडे! मी दाराकडे बघत होतो, वाटलं चुकली असेल.

मिसेस व्हेरल. विधवा, हातमोजे शिवते, तोंड असं की त्याच्यावर सुई बोथट व्हावी. परका माणूस आत सोडत नाहीत म्हणून तिनं दारवानाला सांगितलं, मी याची मावशी. सोबत आल्याचा केक होता, अजून कोमट.

"खा," ती म्हणाली. "अंगात ताकद यायला हवी. फळ्या कधी निघणार?"

"आठवड्याभरात, म्हणतात."

"पाऊस-पाण्याचं दुखतं का? ताप परत आला नाही ना? भूक?"

मला आई आठवत नाही. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या ज्या म्हाताऱ्यामागं मी वाढलो, तो भूक लागली का विचारायचा ते स्वतःला लागली की. (त्याच्या बाहुल्यांपैकी राणीची मान नेहमी उजवीकडे पडायची. शिलिंगभर खर्चून नवी तार घातली असती तर... जाऊ दे.) जाताना तिनं पांघरूण बाजूला करून माझी चांगली पोटरी कातडं पारखावं तशी दाबून बघितली आणि मान डोलावली.

मी ओबेडायाला म्हटलं, "बघितलंस आजोबा? माया अशी असते."

"हो," तो म्हणाला, "बोकडालाही अशीच असते."

मत्सर, दुसरं काय.

शुक्रवार, १७ एप्रिल

फळ्या काढल्या. पाय काडीसारखा झालाय आणि जरासा वाकडा, पण पाय आहे. शस्त्रवैद्य म्हणाले, टेकव. टेकवला. दुखलं नाही. तरी मी असा किंचाळलो की बायकांच्या खोलीतून कुणीतरी शिव्या दिल्या.

का किंचाळलो ते प्रामाणिकपणे लिहितो. इथं रोज रस्सा आहे, रविवारी मटण आहे, बिअर आंबट पण भरपूर आहे, आणि बाहेर आहे रस्ता. शिवाय मावशी दर भेटीच्या दिवशी येते. तिला घरी एक मुलगी आहे, केझिया, एकोणीस वर्षांची. हे मी तिच्याकडून खोदून काढलं. मावशी मुलीबद्दल फार बोलत नाही, सारखी माझ्या पायाबद्दलच बोलते. किती चालतो, जिना चढतो का, दिवसभर उभं राहता येईल का. मी काही दुधखुळा नाही. घरात पुरुष नाही, दुकानाला जावई हवा. जावई लंगडा नको, एवढंच ती बघतेय.

मी म्हटलं, "मावशी, केझिया काय करते दिवसभर?"

तिनं पिशवीचं तोंड आवळलं. मग म्हणाली, "वाट बघते."

मी लाजलो. ओबेडायानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

रविवार, २६ एप्रिल

चालणाऱ्या रोग्यांना चर्चला नेतात, म्हणून मला कुबडीवर नेलं. तिथं एक विटा भाजणारा आज बरा होऊन सुटायचा होता. उपदेश संपल्यावर पाद्री फिंचनं त्याचं नाव पुकारलं. तो पुढं गेला, त्याच्या साहेबाच्या बाकासमोर गुडघे टेकले आणि छापील शब्द म्हणाला: मी दीन, मी अपात्र, या थोर गृहस्थाच्या दयेनं माझी हाडं आज माझी आहेत. साहेब छताकडे बघत होते. त्यांची पोरगी जांभई देत होती. मग चर्चच्या पंचानं कागदावर सही दिली, की आभार झाले. तो कागद दवाखान्याच्या कारभाऱ्याला दाखवला म्हणजे वहीतून नाव खोडतात. आभार नाहीत तर नाव खोडणं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी? त्या बिअरवाल्यापुढं? परत येताना मी माझे आभार मनात रचले: टिंडलसाहेबांच्या चाकांचे आभार, त्यांना वंगण इतकं छान होतं की आवाज आला नाही. घोड्यांचे आभार, दोघांपैकी एकाला तरी थांबायची बुद्धी होती. रस्त्याचे आभार, तो चिखलाचा होता, दगडी असता तर साहेबांना लाकडी पायाचा खर्च पडला असता.

ओबेडायाला म्हणून दाखवलं. तो पट्टा धरून हसला. मग म्हणाला, "आणि खरंच काय करणार?"

"मेच्या जत्रेच्या गर्दीत पळणार. नाव राहू दे त्यांच्या वहीत सडत."

त्याचं हसू थांबलं. मला वाटलं पोट दुखलं असेल.

मंगळवार, २८ एप्रिल

काही नाही. लापशीत केस निघाला. लाल होता. मेट्रनबाईंचा काळा, म्हणजे कुणाचा?

शुक्रवार, १ मे

बाहेर ढोल वाजत होते. मी कोट चढवला, वही खिशात घातली, जिन्यापर्यंत पोचलो. मागून ओबेडाया म्हणाला, "नवरदेव, जाण्याआधी एक ऐकून जा."

"बोल."

"एका साहेबाच्या वर्गणीत एका वेळी एकच रोगी. माहीत आहे?"

"असेल."

"टिंडलचा रोगी तू. तुझं नाव वहीत आहे तोवर टिंडलची खाट भरलेली. तू खाटेवर असलास काय, चीनमध्ये असलास काय. त्या व्हेरलबाईच्या पोरीचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय लेका, थंडी संपल्यापासून. बाकीच्या साहेबांची दारं ठोठावून झाली. टिंडल म्हणाला, माझा लंगडा बरा होऊन आभार मानून गेला की तुझी पोरगी घेतो."

मी जिन्यात बसलो.

"म्हणजे तो केक..."

"केक तुझ्या नडगीसाठी होता."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. सगळ्या खोलीला माहीत आहे. त्या बाईनंच गप्प राहायला सांगितलं होतं. आणि खरं सांगू, तुझी लाजायची तऱ्हा बघायला मजा येत होती."

मी कोट काढला. जत्रेला गेलो नाही. पण आभारही मानणार नाही, हे मी सगळ्या खोलीला ओरडून सांगितलं. मला फसवलंय. सगळ्यांनी.

शनिवार, २ मे

कुणाशी बोललो नाही. रस्सा नको म्हटला. ओबेडाया दोन्ही वाट्या प्याला.

बुधवार, ६ मे

आली. पिशवी नव्हती.

मी म्हटलं, "आज केक नाही?"

"म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणे तुला. मग कशाला पीठ वाया घालवू?"

"पाय दाबून बघायचा नाही?"

"बघून झालाय. गेल्या आठवड्यात तू दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरलास, धोबिणीनं बघितलं. तेव्हापासून माझ्या पोरीनं रात्री उशीचं कापड दातात धरून काढल्यात. तू इथं मटण खात होतास."

"मला आधीच सांगायचं होतंत!"

"का? तू भाव वाढवावास म्हणून? जन्मभर हातमोजे विकलेत मी. ज्याला आपली नड कळते, तो आपल्याला लुटतो."

मला गप्प राहता आलं असतं. राहिलो नाही. म्हणालो, "मला वाटलं होतं, मी तुम्हाला आवडलो."

ती हसली. मग तिनं पहिल्यांदाच नीट माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आवडलास? अरे, पहिल्या आठवड्यात तुला ताप चढला होता ना, तेव्हा मी तुझ्या मरणासाठी प्रार्थना केली होती. मेलेल्याचं नाव त्याच दिवशी खोडतात. देवानं ऐकलं नाही. मग म्हटलं, निदान लवकर बरा तरी करावा."



"तो माझ्या पायावरून गाडी नेतो," मी म्हटलं, "आणि मी त्याच्यापुढं गुडघे टेकू?"

"टेक. तुझे गुडघे वाकतात, म्हणून सांगते. माझ्या पोरीचा वाकत नाही."

"माझी काही अब्रू..."

"मी त्याच्या मोलकरणीचे आभार मानलेत, दार उघडलं म्हणून. त्याच्या कुत्र्याचे मानलेत, चावला नाही म्हणून. माझ्या अब्रूला काय झालं? घरी आहे, भाकरी थापतेय." ती उठली. "रविवारी मानणार आहेस की नाहीस, तेवढं सांग. नाही म्हणालास तर हात धरून रडणार नाही, तेही सांगते. नुसती तुला शाप देईन आणि घरी जाईन."

मी हो म्हटलं. तिनं आभार मानले नाहीत. बरं केलं.

रविवार, १० मे

काल संध्याकाळपासून ते वंगणाचे आभार सारखे जिभेवर येत होते. एक वाक्य जरी निसटलं तर टिंडल वर्गणीच काढून घेईल, हे ओबेडायानं चार वेळा बजावलं.

पाद्रीनं नाव पुकारलं. कुबडी बाकाशी ठेवून मी पुढं गेलो, आणि बघतो तर टिंडलसाहेबांचा बाक रिकामा. सांधे दुखतात म्हणून औषधी झऱ्यांचं पाणी प्यायला बाथ गावी गेलेत म्हणे, परवाच. बाकावर नुसती लाल मखमली गादी.

पाद्री कुजबुजला, "म्हण. चालतं. पंच हजर आहेत."

मी गादीपुढं गुडघे टेकले. आणि काय झालं कुणास ठाऊक. गादीला तोंड नव्हतं, हनुवटी नव्हती, फुलांचा झुबका नव्हता. मी अख्खं बालपण पडद्यामागून राजे-राण्यांना बोलतं केलंय. मी त्या गादीशी असा बोललो की छापील शब्द मला लहान पडले. माझा आवाज चिरला, मी तो चिरू दिला. मागं कुणीतरी नाक शिंकरलं, मग आणखी कुणी. शेवटी मी गादीच्या गोंड्याला ओठ लावले. मला मजा आली, हे लपवत नाही.

पंचानं सही दिली, कारभाऱ्यानं नाव खोडलं. मी मोकळा. ब्रिस्टलचा रस्ता फाटकापासून सुरू होतो. तरी मी व्हेरलबाईच्या लाकडाच्या खोपटात निजलोय. तिनं बोलावलं नाही, हाकलूनही दिलं नाही.

गुरुवार, १४ मे

दवाखान्याच्या दिवाणखान्यात बसून शिसपेन्सिलीनं लिहितोय. दर गुरुवारी नवे रोगी घेतात. भिंतीवर वर्गणीदारांची नावं सोनेरी अक्षरांत, ज्यानं जास्त दिलं त्याचं वर. टिंडलसाहेब वरून तिसरे.

घराचं दार बिजागरीतून काढून केझियाला त्यावर निजवून आणलं. पुढं मी, मागं मावशीचा शेजारी. तिला मी पहिल्यांदाच बघितलं. तापानं डोळे चमकत होते. वाटेत मी ठेचाळलो तेव्हा ती म्हणाली, "तूच का तो? माझ्या वाटणीचं आलं खाल्लेला?"

"हो."

"मग नीट धर. त्याच्या ताकदीवर चाल."

कारभाऱ्यानं वही उघडली. टिंडलसाहेबांची जागा रिकामी, हे बरोबर. आभारांचा कागद आहे, हेही बरोबर. मुलीची शिफारसचिठ्ठी?

मावशी म्हणाली, "त्यांनी शब्द दिलाय."

"शब्दावर सही नसते बाई. साहेब बाथहून महिनाअखेर येतील. तेव्हा या."

शस्त्रवैद्य जाता जाता थांबले. त्यांनी चादर उचलली, गुडघ्याला बोट लावलं. केझियानं दाराची कड धरली, आवाज काढला नाही. ते म्हणाले, "आज-उद्या चिरून पू काढला तर पाय राहील. महिनाअखेर मी फक्त करवत चालवू शकेन." मग कारभाऱ्याकडे बघितलं. कारभाऱ्यानं वहीकडे बघितलं. वैद्य वर गेले.

मी कारभाऱ्याची गचांडी धरणार होतो. मावशीनं माझी बाही ओढून खाली बसवलं. "बस. इथून उठायचं नाही. फेकतील तेव्हा फेकतील." तिनं पिशवीतून अर्धा शिवलेला हातमोजा काढला आणि शिवायला लागली. आम्ही इथं सकाळपासून आहोत. लोक आमच्या दाराला वळसा घालून जातायत. केझिया मघाशी विचारत होती, तो ससाणा शेवटी पडला का. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं मला दिसलं नाही, मी खाली होतो.

आत्ता ओबेडाया जिन्यावरून पट्टा धरून धडपडत खाली आला. श्वास लागलाय त्याला. तो म्हणतो, फाटकात गाडी थांबलीय, टिंडलसाहेब बाथहून परत आलेत. असे आभार या चर्चमध्ये कधी ऐकले नव्हते, असं पाद्री फिंचनं त्यांना कळवलं, आणि आपल्याच वेळी आपण नव्हतो, या हळहळीनं ते तिथली पाव्हणेमंडळी बरोबर घेऊन निघालेत. चिठ्ठी खिशात आहे, सही करायला तयार आहेत. फक्त त्याआधी माझी चौकशी करतायत: तेच आभार पुन्हा ऐकायचेत, पाव्हण्यांसमोर.